पानावर जागा सोडायला शिका : फोनमधल्या फोटोंचं डिजिटल स्क्रॅपबुक

हे या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट मांडलेत.

आधी एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि एकूण फोटो किती आहेत बघा. माझ्याकडे अकरा हजारांच्या वर निघाले. त्यातले परत उघडून बघितलेले किती, ते प्लीज विचारू नका.

आजचा विषय डिजिटल स्क्रॅपबुक. पूर्वी घरोघरी काळ्या कागदाचा जाड अल्बम असायचा ना? फोटो चार कोपऱ्यांत अडकवलेले, मध्ये बटरपेपर. स्क्रॅपबुक म्हणजे त्याच्या पुढची पायरी. फोटोच्या शेजारी बसचं तिकीट, पत्रिकेचा तुकडा आणि हाताने लिहिलेल्या चार ओळी. हेच सगळं कात्री-डिंकाऐवजी फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये केलं की झालं डिजिटल.

मी पहिलं पान केलं ते आजीसाठी. वाड्याच्या चौकात बसून पापड लाटणाऱ्या सात बायका, असा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. मागे पेन्सिलने लिहिलंय, 'वाई, मे १९६७'. आजी त्यात नवी नवरी, डावीकडून दुसरी. मी काय केलं? फुलं लावली, वॉशी टेप लावली, सोनेरी चौकट लावली, कोपऱ्यात फुलपाखरं सोडली. आजीने फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण आम्ही कुठंयत यात?"

बरोबर होतं तिचं. मी ते पान पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. ते दुसरं पान कसं केलं, तेच आज सांगते.

आधी फोटो नीट आत घ्या

जुन्या फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा आणि फोन त्याला समांतर धरा. तिरका धरलात तर चौकोनाचा पतंग होतो. चकाकी येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप वापरा. ते एकाच फोटोची वेगवेगळ्या बाजूंनी चित्रं घेतं आणि जोडताना चमक काढून टाकतं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फाटतो. तो पानासकट टिपा. सुटा असेल तर मागची बाजूही टिपा. तारीख, गाव, स्टुडिओचा शिक्का, सगळं तिथेच असतं.

काकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला असेल तर थांबा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. त्याला म्हणा, "काका, डॉक्युमेंट म्हणून पाठव." मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. हे का महत्त्वाचं, ते आता बघू.

पानाचं माप

स्क्रॅपबुकचं नेहमीचं पान १२ बाय १२ इंच. छपाई स्वच्छ यायला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १२ गुणिले ३००, म्हणजे ३६००. तर आपलं पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं. आता तो १६०० पिक्सेलचा फोटो घ्या. १६०० भागिले ३००, जेमतेम सव्वापाच इंच. त्याच्यापेक्षा मोठा ताणला की चेहरे धुरकट. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातला ४००० बाय ३००० चा मूळ फोटो मात्र १३ इंचांपर्यंत आरामात जातो.

सॉफ्टवेअर कुठलं? मी फोटोपी वापरते. ते ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, आणि तुमचे फोटो कुठल्या सर्व्हरवर न चढवता तुमच्याच यंत्रावर काम करतं. फोनवरही चालतं, पण बोटांचा गोंधळ होतो. तासभर कुणाचा तरी लॅपटॉप मिळवा. गिंप किंवा फोटोशॉप असेल तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू आहे.

लेयर : एकावर एक ठेवलेल्या काचा

समजा, टेबलावर काचा एकावर एक ठेवल्यात. सर्वांत खाली कागदाचा रंग, त्यावर फोटो, त्यावर टेप, सगळ्यात वर अक्षरं. प्रत्येक काच वेगळी सरकवता येते. हेच लेयर. फोटो अचानक गायब झाला तर घाबरू नका, तो बहुतेक कागदाच्या लेयरखाली गेलाय. लेयरच्या यादीत त्याला बोटाने वर ओढा. आणि प्रत्येक लेयरला नाव द्या. 'लेयर ७ कॉपी २' मधून आजी शोधणं फार त्रासाचं असतं.

दुसरी कामाची गोष्ट, क्लिपिंग मास्क. आधी हव्या त्या मापाचा चौकोन काढा. मग फाइल मेनूतल्या 'ओपन अँड प्लेस'ने फोटो आणा, त्याचा लेयर चौकोनाच्या लगेच वर ठेवा आणि लेयर मेनूतून 'क्लिपिंग मास्क' निवडा. फोटो फक्त चौकोनाच्या आतच दिसतो. बाहेरचा भाग कापला गेलेला नाही, झाकला गेलाय. उद्या वाटलं की कडेची बाई पूर्ण दिसायला हवी, तर फोटो आत सरकवा, झालं. म्हणून माझा नियम एकच : खोडरबर नाही, मास्क.

मांडणी : मोठं कोण, ते ठरवा

माझ्या पहिल्या पानावर सगळंच ओरडत होतं. फुलं मोठी, टेप मोठी, फोटोही मोठा. नजरेने जायचं कुठे? पानावर एकच मुख्य फोटो हवा, आणि तो बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठा.

माझं दुसरं पान असं होतं. चारही बाजूंनी १५० पिक्सेल, म्हणजे अर्धा इंच समास. छापल्यावर कडा कापतात, तेव्हा काही जायला नको. वरची ६६० पिक्सेलची पट्टी शीर्षकासाठी. त्याखाली डावीकडे ११४० पिक्सेल रुंदीचा उभा स्तंभ मजकुरासाठी. उजवीकडे वाड्यातला फोटो, २१०० बाय १५००. त्याच्याखाली १०२० चे दोन चौरस. एकात त्या फोटोची मागची बाजू, पेन्सिलच्या अक्षरांसकट. दुसऱ्यात आजीचे आजचे हात, पोळपाटावर. सगळ्या वस्तूंमध्ये ६० पिक्सेलची सारखी फट, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. बेरीज करून बघा, दोन्हीकडून बरोबर ३६०० येते.

फट सारखी ठेवणं म्हणजे नुसती शिस्त वाटते, पण पान नीटनेटकं दिसतं ते त्यामुळेच. एक फट ४० आणि दुसरी ७० असली तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त काहीतरी वाकडं वाटतं. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. रूलर चालू करा आणि त्यावरून गाईड ओढा. त्या मदतीच्या रेषा, छापताना दिसत नाहीत.

अजून दोन जोड्या गाईड लावा : आडव्या आणि उभ्या, १२०० आणि २४०० वर. पानाचे नऊ सारखे चौकोन होतात. चेहरे त्या रेषांच्या किंवा छेदबिंदूंच्या जवळ आले तर नजर तिथे आपोआप थांबते. माझ्या पानावर सात चेहऱ्यांची रांग वरच्या आडव्या रेषेजवळ आली.

तपासायचं कसं? पान अंगठ्याएवढं होईपर्यंत लहान करा आणि डोळे किलकिले करा. तरी मुख्य फोटो कुठला ते कळलं, तर मांडणी जमली.

रंग आणि सावली

रंग बाहेरून आणू नका, फोटोतूनच उचला. आयड्रॉपर घ्या आणि फोटोवर क्लिक करा. जुन्या फोटोची पांढरी किनार पिवळट झालेली असते. तो झाला माझा कागदाचा रंग. अक्षरांसाठी फोटोतला गडद तपकिरी. आणि एकच उठावदार रंग, कुंकवाचा लाल. तो मी तीन ठिकाणी लावला : शीर्षकाखाली रेघ, स्तंभात एक ठिपका, खालच्या चौरसाच्या कोपऱ्यावर टेप. तीन ठिकाणं त्रिकोणात आली की नजर पानभर फिरते.

सावली, म्हणजे ड्रॉप शॅडो. इथे सगळ्यांचीच गडबड होते. खोलीत दिवा एक असेल तर सगळ्यांची सावली एकाच बाजूला पडते. म्हणून सगळ्या लेयरना कोन एकच. सपाट फोटोला सावली बारीक, ६ ते ८ पिक्सेल अंतर. बटण किंवा फुलासारख्या जाड वस्तूला २० च्या आसपास. ओपॅसिटी ३० ते ४० टक्के. काळीकुट्ट सावली असली की फोटो कागदावर न राहता हवेत तरंगतो.

तयार फुलं, टेप डाउनलोड करणार असाल तर पीएनजी घ्या. जेपीजीला पारदर्शकपणा कळत नाही, फुलाभोवती पांढरा डबा येतो. आणि परवाना वाचा. घरच्या वापरासाठी दिलेली वस्तू विकायच्या कामात वापरायची नसते.

मराठी अक्षरं

मराठीसाठी मुक्त किंवा बालूसारखे युनिकोड फॉन्ट घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. शीर्षकाला एक, मजकुराला एक, दोनच पुरे. आपल्याकडे मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे ओळींमध्ये अंतर जास्त लागतं. अक्षराच्या मापाच्या दीडपट ठेवून बघा. आणि आधी 'स्थिती', 'कीर्ती', 'प्रतीक्षा' असे शब्द टाइप करून तपासा. वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर सॉफ्टवेअरच्या टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठीचा पर्याय शोधा. जुन्या फोटोशॉपमध्ये तो मुद्दाम निवडावा लागतो.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. फॉन्ट वापरूच नका! आजीला पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने लिहायला सांगा. त्याचा फोटो काढा, पानावर आणा आणि लेयरचा ब्लेंड मोड 'मल्टिप्लाय' करा. पांढरा कागद नाहीसा होतो, फक्त शाई उरते. कागद करडा दिसत असेल तर 'लेव्हल्स'मध्ये पांढऱ्या टोकाची खूण आत सरकवा. आजीचं थरथरतं अक्षर थेट पानावर येतं. असा फॉन्ट कुठे मिळणार?

आणि लिहायचं काय?

कोण, कुठे, कधी. आणि फोटोत जे दिसत नाही ते. मी आजीच्या शेजारी बसले, फोनवर फोटो मोठा केला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. ही सासूबाई. ही थोरली जाऊ, पापड सगळ्यात पातळ हिचा. ही मी. पाच नावं भराभर आली. मग ती थांबली. "ही कडेची, पलीकडच्या वाड्यातली. नाव अगदी जिभेवर आहे गं." आणि तिच्या मागची? "ती... थांब जरा."

आजी ७८ वर्षांची आहे. तो चौक, ते वाळवण आठवणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. तिला जे आठवत नाही, ते विचारायला मी कुणाकडे जाणार?

डाव्या स्तंभात मी सात ओळी केल्या, फोटोतल्या क्रमाने. पाच ओळींवर आजीच्या हातची नावं. सहाव्या-सातव्या ओळीवर काहीच नाही, फक्त आकडा आणि पुढे कोरी जागा. पहिल्या पानावर तिथे फुलपाखरं होती.

फाइल दोनदा ठेवा. एक पीएसडी, त्यात सगळे लेयर जिवंत राहतात. एक जेपीजी, छापायला आणि पाठवायला. पूर्ण मापात छापण्याआधी एक लहान प्रिंट काढून रंग बघा, स्क्रीनपेक्षा कागदावर सगळं जरा गडदच येतं.

प्रिंट आजीच्या पलंगासमोर लावली. नवव्या दिवशी घरी गेले तर सहाव्या ओळीवर निळ्या बॉलपेनने एक नाव लिहिलेलं. फ्रेममधून काढून, स्वतःच्या हाताने. म्हणाली, "पहाटे आठवलं. परत विसरेन म्हणून लगेच उठले." मी पीएसडी उघडली नाही, ते नाव तसंच राहू दिलं. सातवी ओळ अजून कोरी आहे.

तर या आठवड्याचा गृहपाठ : घरातला एकच जुना फोटो, एकच पान. आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. नावं आधी लिहून घ्या. क्लिपिंग मास्क पुढच्या महिन्यात शिकलात तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!