सातातला एक पदर, पण वजन तिसऱ्या हिश्श्याचे

आम्ही कापडवाले. सुताचा पीळ उलगडून पाहायची हाताला जुनी सवय. साकीनाक्याला नात्यातल्या एका तरुणाने भंगाराचा गाळा घेतला आहे. तिथे खांबावरून उतरवलेल्या विजेच्या तारेची वेटोळी पाहिली आणि आम्ही तीही उलगडली. मधे एक पदर, भोवती सहा, पीळ उजवा. जाड तारेत थर वाढतात तेव्हा प्रत्येक थराचा पीळ आतल्या थराच्या उलट. धाग्याचाच हिशोब!

मधला पदर पोलादाचा होता. तरुणाने तो पाहिला होता. सातातला एक म्हणून वजनातून सातवा हिस्सा कापून बाकीचे अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने घेतले. इथेच तो बुडाला. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. सातही पदर सारख्या जाडीचे असले तर १०० किलो तारेत सुमारे ३२ किलो पोलाद निघते. त्याने कापले १४ किलो.

दुसऱ्या वेटोळ्याला चुंबक चिकटेना. ते मिश्रधातूचे. अ‍ॅल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, दोन्ही एक टक्क्याहून कमी. भट्टीत योग्य ताव दिला की तार साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट ताण सोसते, म्हणून पोलादाची गरजच उरत नाही. खाऱ्या हवेत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की गंज धरतो. किनाऱ्याच्या मुलखात ही तार टिकते ती त्यामुळे. कसर एकच. तांब्याची वीज वाहण्याची ताकद १०० धरली तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची ६१, हिची ५२-५३.

दिसायला दोन्ही धातू सारखेच, पण मिश्रधातूचा पदर वाकवताना ताठ लागतो. शुद्ध मालात तो मिसळून वितळवला तर विजेची तार बनवणारा गिऱ्हाईक तो माल परत पाठवील. ढीग वेगळे ठेवावेत. ओतकाम करणारे कारागीर मिश्रधातूही घेतात.

आता कागदाचे. आम्ही विचारले, बिल कुठे आहे? एका वेटोळ्याचे होते, लिलावाच्या मालाचे. दुसऱ्याचे नव्हते. २००३ च्या वीज कायद्यात कलम १३६ तार चोरणाऱ्यासाठी आहे आणि कलम १३७ चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यासाठी. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लाइनची तार कोणाच्या घरची नसते, तेव्हा "मला काय ठाऊक" हे म्हणणे पटवणे कठीण.

तरुणाने बिनबिलाचे वेटोळे त्याच दिवशी विकणाऱ्याच्या अंगावर परत टाकले. पैसे अजून अर्धेच आले आहेत.