उएनोच्या टेकडीवरची कलाशाळा

टोकियो, सप्टेंबर

टोकियो कला विद्यापीठात पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या मुलामुलींना पहिल्या उन्हाळ्याची सुट्टी अशी मिळतच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला विद्यापीठाचा तीन दिवसांचा उत्सव असतो. त्याला इथे ‘गेइसाई’ म्हणतात. त्यात मिरवायचे चार मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, घडवण्याचं काम पहिल्या वर्षाकडे असतं. चित्र-शिल्प-कारागिरीचे काही विभाग आणि संगीताचे काही विभाग एकत्र करून संघ पाडतात. त्यामुळे आयुष्यभर व्हायोलिनशिवाय हातात काही न धरलेली मुलगी ऑगस्टच्या चिकट उकाड्यात शिल्पकलेच्या मुलांबरोबर थर्माकोलचे माणसाहून मोठे ठोकळे कापत बसते. ठोकळे एकावर एक चिकटवायचे, तापलेल्या तारेने आणि सुरीने कोरायचे, मग रंग. त्यातून एखादा ड्रॅगन किंवा पुराणातला पशू उभा राहतो, आणि खवल्याखवल्यावर हाताची खूण दिसते. उत्सवाच्या दिवशी हापी नावाचे आखूड अंगरखे घालून पोरं तो खांद्यावर घेतात आणि उएनो पार्कातून मिरवतात. मागून सांबाचा ताल असतो. उत्सव संपला की बहुतेक मिकोशी मोडून टाकतात. हे दिवस आपल्या गणपतीच्या आगेमागे येतात, आणि विसर्जन बघत वाढलेल्या मराठी माणसाला त्या मोडण्याचं नवल वाटत नाही.

याच विद्यापीठाबद्दल आज लिहायचं आहे. लोक त्याला नुसतं ‘गेइदाई’ म्हणतात. सरकारी आहे, लहान आहे आणि प्रवेश महाकठीण. तैलचित्र विभागात वर्षाला 55 जागा, आणि एकेका जागेमागे पंधरा-वीस अर्ज. बारावीनंतर पहिल्याच झटक्यात आत जाणारे थोडे. खाजगी क्लासात रेखाटन घोटत दोन, तीन, चार वर्षं परीक्षा देणारे पुष्कळ. इथेच शिकलेल्या यामागुची त्सुबासा यांची ‘ब्लू पीरियड’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, याच परीक्षेभोवती रचलेली आहे. ती इतकी गाजली की चित्रकलेशी संबंध नसलेल्या जपानी आईबापांनाही आता ही परीक्षा काय असते ते ठाऊक झालं आहे.

रस्त्याच्या एका बाजूला ललित कला, दुसऱ्या बाजूला संगीत. मधला रस्ता ओलांडला की आवाजच बदलतो. एकीकडे छिन्नी, दुसरीकडे स्वर. कला आणि संगीत या दोन्ही शाळा 1887 साली स्थापन झाल्या आणि 1949 साली एक झाल्या. संगीत शाळेत मुली पहिल्यापासून होत्या. 1889 साली सरकारी खर्चाने परदेशी संगीत शिकायला गेलेली पहिली व्यक्ती, कोदा नोबु, ही बाईच होती. कलाशाळेची दारं मात्र मुलींना उघडली ती महायुद्धानंतर, 1946 साली. संगीत शाळेचं 1890 सालचं लाकडी सभागृह, सोगाकुदो, जपानमधलं पाश्चात्त्य धर्तीचं पहिलं संगीत सभागृह. ते जुनं झालं तेव्हा भुईसपाट न करता उचलून पार्कात नेऊन उभं केलं, आणि त्यात आजही मैफली होतात.

कलाशाळेचा जन्म एका हट्टातून झाला. मेइजी काळात पश्चिमेचं ते सगळं चांगलं, आपलं ते जुनाट, असा जोर होता. देवळांतल्या मूर्ती कवडीमोलाने विकल्या जात होत्या. अशा वेळी ओकाकुरा काकुझो, ज्यांना लोक तेन्शिन म्हणून ओळखतात, आणि त्यांचे अमेरिकन शिक्षक फेनोलोसा यांनी देवळं धुंडाळून जुन्या कामांच्या नोंदी केल्या आणि सरकारला ही शाळा काढायला लावली. सुरुवातीला तिथे तैलरंगाला प्रवेशच नव्हता. जपानी चित्रकला, लाकडी कोरीवकाम, धातूकाम, लाख. ओकाकुरांनी शिक्षक-विद्यार्थ्यांना आठव्या शतकातल्या नारा दरबारासारखा झगा गणवेश म्हणून दिला. हे टोक होतं आणि ते टिकलं नाही. 1896 साली पॅरिसहून शिकून आलेल्या कुरोदा सेइकींच्या हाताखाली पाश्चात्त्य चित्रविभाग सुरू झाला, आणि 1898 साली ओकाकुरांना जावं लागलं. पण गणवेश गेला तरी लाख, धातू, लाकूड हे विषय गेले नाहीत. चित्रकार वरचा आणि कारागीर खालचा, ही आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजलेली उतरंड इथे कधी पक्की बसली नाही, ती या पहिल्या हट्टामुळे, असं माझं मत आहे.

कुरोदांनी एक रीत मागे ठेवली. तैलचित्र विभागातून पास होऊन जाणाऱ्याने स्वतःचं चित्र काढून द्यायचं आणि विद्यापीठाने ते विकत घ्यायचं. शंभरहून अधिक वर्षांची अशी हजारो स्वचित्रं विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. मी काही प्रदर्शनात पाहिली. 1910 सालचा फुजिता त्सुगुहारु तेविशी-चोविशीतला, काळसर रंगात, हनुवटी जरा वर. पुढे पॅरिस गाजवणाऱ्या या पोराचं काळं चित्र कुरोदांना मुळीच आवडलं नव्हतं, असं सांगतात. आवडलं नाही, तरी ठेवलं गेलं. 1911 सालचा ली शुतोंग चीनमधून आलेला. चेहरा ठिपक्याठिपक्यांनी उभा केलेला. पुढे तो मायदेशी परतून बौद्ध भिक्षू झाला. कोरियातून आलेला को ह्वी-दोंगही आहे. जपानच्या साम्राज्याने या दोन देशांवर काय लादलं हे माहीत असताना ते चेहरे एका संग्रहात शेजारी असणं मनाला लागतं. यातले बहुतेक विद्यार्थी पुढे अज्ञात राहिले. विद्यापीठाने प्रसिद्ध होणार कोण हे न बघता सगळ्यांना सारखं जपलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता जुन्या चित्रांच्या नकलेबद्दल, कारण तिथेच आपलं अजिंठा येतं.

ओकाकुरा 1902 साली भारतात हिंडले आणि अजिंठा-वेरूळ पाहून गेले. त्यांनी राजीनाम्यानंतर काढलेल्या निहोन बिजुत्सुइन या संस्थेतले एक चित्रकार होते आराई काम्पो. 1916 साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला आले असताना योकोहामाच्या एका बागेतल्या घरी त्यांना शिमोमुरा कान्झान यांचं एक मोठं चित्र इतकं आवडलं की त्याची नक्कल उतरवून देण्याचं काम आराईंकडे आलं. कान्झान या कलाशाळेच्या पहिल्या तुकडीतले. आराईंचा हात बघून ठाकुरांनी त्यांना कलकत्त्याला शिकवायला बोलावलं, आणि तिथून 1917-18 च्या हिवाळ्यात ते अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या नकला करायला गेले. नकला टोकियोला आल्या. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या.

अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच आहे जणू. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी नेऊन 1872 पासून 1885 पर्यंत केलेल्या नकलांतल्या कित्येक, लंडनमध्येच, 1885 च्या आगीत. मूळ भिंत मात्र डोंगरात राहिली.

नारा जवळच्या होर्युजी देवळात उलट घडलं. तिथल्या सोनेरी दालनातली सातव्या-आठव्या शतकातली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या नात्यातली. तिथला एक बोधिसत्त्व आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी यांच्यातलं साम्य तज्ज्ञ कधीपासून सांगत आले आहेत. 1940 साली त्यांच्या नकला करायला चित्रकारांचे चार गट बसवले. एका गटाचे प्रमुख आराईच होते. युद्ध आलं, 1945 साली काम अपुरं टाकून आराई वारले. काम पुढे चालूच होतं, आणि 26 जानेवारी 1949 च्या पहाटे दालनाला आग लागली. चित्रकारांनी थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या गादीमुळे ती लागली, असा एक अंदाज आहे. मूळ चित्रं करपली. नकला आणि 1935 साली क्योतोच्या बेनरिदो छापखान्याने घेतलेली मूळ मापाची काचेची छायाचित्रं तेवढी उरली.

या आगीने जपान हादरला. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक संपदा रक्षणाचा कायदा झाला. वस्तूबरोबर कौशल्यही संपदा आहे, हे त्यात मान्य केलं गेलं. 26 जानेवारीला आजही देशभर देवळांत बंब फवारून आगीची तालीम करतात. 1967-68 मध्ये जुन्या छायाचित्रांच्या आधारे भिंतींसाठी नवी चित्रं रंगवली गेली. ती रंगवणाऱ्यांत हिरायामा इकुओ होते: हिरोशिमाच्या बॉम्बमधून पंधराव्या वर्षी वाचलेले, आणि पुढे दोनदा गेइदाईचे अध्यक्ष झालेले. युद्धात जखमींसाठी रेड क्रॉस असतो तशी वारशासाठीही यंत्रणा हवी, हे त्यांनी आयुष्यभर जगाला सांगितलं.

गेइदाईच्या जतन विभागात आजही नक्कल करायला शिकवतात. तिची एक जुनी पद्धत आहे. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, त्याची खालची कड एका दांडीला गुंडाळायची. दांडीने कागद झरझर वर गुंडाळत खालची रेघ बघायची, कागद खाली सोडायचा आणि डोळ्यांत उरलेली रेघ ओढायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. रेघ गिरवायची नाही, लक्षात ठेवायची. हे करणाऱ्या मुलीच्या डाव्या हाताची ती सततची हालचाल आणि उजव्या हातातला न डळमळणारा कुंचला बघताना मला शिकणं म्हणजे काय ते समोर दिसलं. नकलेचे प्रकारही दोन. एकीत चित्र आज जसं आहे तसं उतरवायचं, भेगा, उडालेला रंग, किड्याने खाल्लेलं भोक यांसकट. दुसरीत ते नवं होतं तेव्हा कसं असेल ते रंगद्रव्यं तपासून शोधायचं आणि रंगवायचं. खनिज दळून केलेले रंग, त्यांना सरसाचा बंध. दर वीस वर्षांनी इसेच्या देवळाशेजारी तसंच नवं बांधून जुनं मोडणाऱ्या देशात नकलेला कमीपणा नाही, हे इथे आल्याशिवाय उमगत नाही.

अलीकडे या हाताला संगणकाची जोड मिळाली आहे. बामियानच्या पूर्वेकडच्या बुद्धाच्या डोक्यावरचं सूर्यदेवाचं छतचित्र 2001 साली तालिबानने मूर्तीबरोबर उडवलं. जपानी अभ्यासकांनी आधी घेतलेल्या छायाचित्रांवरून ते गेइदाईने 2016 मध्ये मूळ आकारात पुन्हा उभं केलं. होर्युजीच्या शाक्यमुनींच्या कांस्यमूर्तींचीही प्रतिकृती केली. मोजमाप यंत्राने, ओतकाम ताकाओकाच्या ओतारींनी, लाकूडकाम इनामीच्या सुतारांनी. विद्यापीठात बुद्धी आणि गावात मजुरी अशी वाटणी इथे नव्हती. त्या कारागिरांना ठाऊक असलेलं विद्यापीठाला ठाऊक नव्हतं, आणि तसं उघड मानलं गेलं.

गेइदाईचा उंबरठा वस्तीला उंच वाटत नाही, तोही याच वृत्तीमुळे. 2012 पासून टोकियो महानगर कला संग्रहालयाबरोबर विद्यापीठ एक उपक्रम चालवतं. नोकरदार, गृहिणी, निवृत्त माणसं, कॉलेजची मुलं अशा सामान्य नागरिकांना निवडून तीन वर्षं तयार करतात. ते स्वतः शिकतात आणि लहान मुलांना किंवा एकट्या पडलेल्या माणसांना चित्रासमोर आणून बोलतं करतात. चित्राची माहिती सांगायची नाही, काय दिसतं ते विचारायचं आणि ऐकायचं.

पार्कामागच्या यानाका वस्तीत 1955 सालची एक लाकडी चाळवजा इमारत होती, हागिसो. 2004 पासून गेइदाईची मुलं तिथे भाड्याने राहात. 2011 च्या भूकंपानंतर ती पाडायचं ठरलं. मुलांनी 2012 मध्ये इमारतीलाच निरोप म्हणून तीन आठवड्यांचं प्रदर्शन भरवलं, भिंती फोडल्या, जमिनी उघडल्या. दीड हजार माणसं आली. मालकाचं मन बदललं. 2013 पासून तिथे उपाहारगृह आणि कलादालन आहे. जवळच्या एका घरात पाहुणे उतरतात. त्यांना अंघोळीला वस्तीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात आणि जेवायला वस्तीतल्या खानावळीत पाठवतात. यानाकाच्या गल्ल्या टिकल्या, त्यात अशा मुलांचा वाटा आहे.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. 2004 साली सरकारी विद्यापीठांना स्वायत्त केलं, आणि तेव्हापासून अनुदानाचा हात आखडला. 2019 मध्ये गेइदाईने फी वीस टक्क्यांनी वाढवून वर्षाला 6,42,960 येन केली. 2023 मध्ये वीजबिलं भडकली तेव्हा सरावाच्या काही खोल्यांतले पियानो काढले गेले. ज्या देशाने कौशल्याला संपदा म्हणून कायद्यात बसवलं, त्याने सरावाच्या पियानोपाशी हात आखडावा, याचा मला राग येतो. इथल्या कलावंतांनाही येतो.

जे. जे.ला 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथल्या शिक्षकांसाठी एक सूचना इथून करतो. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला जपानच्या कर्जातून अभ्यागत केंद्र उभारलं, त्यात लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. वीज-पाण्याची बिलं थकून ते बंद पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ते विद्यापीठाच्या हाती द्यावं. दर हिवाळ्यात जे. जे.च्या एका तुकडीने तिथे राहावं, भिंती आज आहेत तशा उतरवाव्यात, भेगांसकट. जळगाव-संभाजीनगरच्या शाळांतली मुलं त्यांच्या शेजारी बसावीत. ग्रिफिथ्सनी हे तेरा वर्षं केलं, तेही टपालाला आठवडे लागत तेव्हा. दांडीवर कागद गुंडाळून रेघ ओढणारी इथली मंडळी शिकवायला येतील का, हे विचारायला मी स्वतः गेइदाईच्या जतन विभागात जाईन.