भांडे नको, तांबट द्या

जावा या संगणकभाषेच्या आठव्या आवृत्तीने मार्च 2014 मध्ये एक चमत्कारिक खूण आणली: ‘स्ट्रिंग[]::न्यू’. स्ट्रिंग म्हणजे मजकूर; अ‍ॅरे म्हणजे एकाच जातीच्या वस्तूंसाठी ओळीने मांडलेले, मोजून ठरवलेले कप्पे. ही खूण मात्र ‘आकडा सांगा, तेवढ्या कप्प्यांचा अ‍ॅरे करून देतो’ असे म्हणणारे फंक्शन आहे. अनेकांना ती नुसती टंकनाची बचत वाटते. मला तिच्यात कामाची रास्त वाटणी दिसते.

समजा, यादीतून फक्त लांबलचक नावे वेचायची आहेत. वेचणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे स्ट्रीमला, किती नावे उरली हे शेवटी कळते. पण अ‍ॅरे कुठल्या जातीचा हवा हे तिला कधीच कळत नाही. 2004 साली पाचव्या आवृत्तीत जेनेरिक्स, म्हणजे यादीत कुठल्या जातीच्या वस्तू आहेत हे लिहून ठेवण्याची सोय, आली, तेव्हा जुन्या प्रोग्रामांशी जुळते राहावे म्हणून प्रोग्राम चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरने ही जातीची माहिती पुसून टाकायची असे ठरले. म्हणून काहीच न सांगता अ‍ॅरे मागितला, तर ‘ऑब्जेक्ट’ जातीचा सरधोपट अ‍ॅरे हाती येतो. त्यावर स्ट्रिंगचा शिक्का मारू गेलात, तर प्रोग्राम चालता चालता कोसळतो. थोडक्यात, माप यंत्रणेला ठाऊक, जात आपल्याला. अशा वेळी आपण घडवलेले भांडे पाठवून काय उपयोग? तांबटच पाठवावा, माप तिथे कळेल.

यावर कुणी म्हणेल, ‘एन -> न्यू स्ट्रिंग[एन]’ असे सरळ लिहा की! जरूर लिहा, अर्थ तोच आहे आणि नवख्याला तेच आधी उमगेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नावांच्या स्ट्रीमला ‘इंटिजर[]::न्यू’ दिले, तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. पहिले नाव कप्प्यात ठेवताना घोटाळा उघड होतो. पण हा दोष खुणेचा नाही. अ‍ॅरेची जात आणि स्ट्रीममधल्या वस्तूंची जात यांची गाठच स्ट्रीममधून अ‍ॅरे देणाऱ्या मेथडच्या व्याख्येत मारलेली नाही. खूण मात्र सांगितले तेवढेच करते, अगदी शब्दशः: 1, 2, 3 या आकड्यांवर मॅपमधून, म्हणजे प्रत्येक आकड्यावर एकेकदा, ‘इंट[]::न्यू’ चालवा, आकड्यांऐवजी एक, दोन आणि तीन कप्प्यांचे तीन अ‍ॅरे मिळतील, सगळ्या कप्प्यांत शून्य. 2018 च्या अकराव्या आवृत्तीत हीच सोय साध्या याद्यांनाही मिळाली. तिथली मूळ अंमलबजावणी मात्र तांबटाला बोलावून त्याच्याकडून आधी शून्य मापाचेच भांडे करून घेते.