हंसांच्या थव्यात वरिष्ठ कोण?

नोएडाला लागून यमुनेवर ओखला बंधारा आहे. त्याच्या जलाशयाला १९९० साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस इथे उतरतात. उडताना त्यांचा थवा कधी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो, तर कधी नुसती एक तिरकी रांग असते. अशा रांगेला ‘एशलॉन’ म्हणतात. नोएडातल्या कंपन्यांत मात्र ‘अपर एशलॉन’ म्हटलं की वरच्या मजल्यावरचे साहेब डोळ्यांसमोर येतात.

हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ शिडीची पायरी. त्याचं मूळ लॅटिन ‘स्काला’ म्हणजे शिडी. आपल्या ‘पे स्केल’मधलं स्केलही तिथूनच आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो लष्करातून शिरला. एकामागे एक, पण थोड्या बाजूला सरकलेल्या तुकड्या पायऱ्यांसारख्या दिसत. हुद्द्याचा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला.

पक्षी अशी रांग धरतात ती हवेमुळे. उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळते आणि मागे भोवरा सुटतो. पुढच्या पक्ष्याच्या थेट पाठीमागे हवा खाली ढकलली जाते. टोकाच्या बाहेरच्या बाजूला ती वर चढते. तिरकं उडणाऱ्याला हा आयता आधार मिळतो. रांगेत उडणाऱ्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके एकट्याने उडणाऱ्यांपेक्षा कमी पडतात, हे २००१ साली मोजलं गेलं.

२०१४ साली ‘नेचर’मध्ये शराटीच्या कुळातल्या १४ पक्ष्यांचा अभ्यास आला. पाठीवरच्या उपकरणांनी दाखवलं, की ते नेमकी जागा तर साधतातच, शिवाय पुढच्याच्या पंखांच्या लयीशी आपली फडफडही जुळवतात. चुकून थेट मागे आले, तर ती लय बदलतात.

पण सर्वांत पुढच्याला हा आधार कोण देणार? कोणीच नाही. म्हणून याच जातीच्या पक्ष्यांच्या जोड्या पुढची जागा आलटूनपालटून घेतात, असं पुढच्याच वर्षी दिसून आलं. जो जितका वेळ दुसऱ्याच्या मागे उडतो, साधारण तितकाच वेळ तो त्याच्यासाठी पुढे राहतो. या एशलॉनमध्ये पहिली पायरी पाळीने येते आणि सर्वाधिक दमणूकही तिच्याबरोबरच येते.