मांड्या मोडलेला मध्यस्थ
लेखमाला : रंगमंचावरचे तंटे – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण भासाच्या ‘दूतवाक्या’तली फसलेली कृष्णशिष्टाई पाहिली. दूत सभेत आल्यावर जो उठेल त्याला दंड, असं फर्मावून द्रौपदीच्या विटंबनेचं चित्र न्याहाळत बसलेला दुर्योधन तिथे होता. भासाच्याच ‘ऊरुभंग’ या एकांकी शोकनाट्यात समेटाची भाषा बोलतो तो हाच दुर्योधन.

गदायुद्धात भीम कोसळतो. कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करतो आणि भीम नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्यांवर घाव घालतो. बलराम संतापून नांगर उचलतो. त्याला आवरायला दुर्योधन हातांवर अंग ओढत येतो. भाऊ गेले, मान गेला, आता भांडायचं कशाला? कुळाला पाणी द्यायला कुणीतरी उरू दे, एवढंच त्याचं मागणं. मग त्याचा छोटा मुलगा दुर्जय येतो आणि रोजच्या सवयीने मांडीवर बसू पाहतो. बापाला त्याला थांबवावं लागतं. त्याच पोराला तो बजावतो : माझी केलीस तशी पांडवांची सेवा कर, कुंतीचं ऐक, द्रौपदीला आई मान.

महाभारतातला दुर्योधन मरतामरता अश्वत्थाम्याला सेनापती करतो आणि रात्रीच्या कत्तलीची बातमी ऐकून समाधानाने प्राण सोडतो. भासाने हे उलटवलं. इथे दुर्योधन अश्वत्थाम्यालाही धनुष्य खाली ठेवायला सांगतो.

भावाभावांचं असं वैर शहापूर-मुरबाडकडच्या वाचकाला नवं नाही. भातखाचराचा बांध हातभर कोरला गेला की सख्खे भाऊ मोजणी मागवतात, मग कोर्टाची पायरी चढतात. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ रोजी, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती असे तंटे गावातच मिटावेत म्हणून. ग्रामसभेने समिती निवडायची, समितीने दोघांना समोरासमोर बसवायचं. भाऊ कधीकधी तयारही होतात. अडून बसतो तो मेहुणा, नाहीतर चुलता.

अश्वत्थामा तसाच अडून बसतो. पण त्याला नुसता चिथावणीखोर म्हणून निकालात काढता येत नाही. खोट्या बातमीने शस्त्र खाली ठेवायला लावून द्रोणांना मारलं, तो त्याचा बाप. दुर्योधन स्वतःचं वैर सोडू शकतो, अश्वत्थाम्याचं त्याला सोडता येत नाही. म्हणूनच अश्वत्थामा नुसत्या शब्दाने दुर्जयाला अभिषेक करतो आणि झोपलेल्या पांडवांना मारायला निघतो.

तडजोडीच्या कागदावर वादी-प्रतिवादी एवढीच नावं असतात. समेट टिकायचा तर बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : या भांडणात तिसऱ्या कुणाचं काय गेलं आहे?

(पुढील लेखांकात : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’, १९०९)