प्रेक्षकांचं कोल्हापूर

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याचा दिवस कसा जातो ते सांगायला संशोधन लागत नाही. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, नवा राजवाडा, दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं कलल्यावर जोतिबा-पन्हाळा किंवा रंकाळ्यावरची भेळ, आणि निघता निघता चप्पल लाईनीत एक चक्कर. यात वावगं काहीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना मीही आधी हेच दाखवते. पण गेली काही वर्षं या शहरातल्या करमणुकीच्या जुन्या जागांची टिपणं काढताना एक गोष्ट लक्षात आली. या यादीतल्या जागा केव्हाही गेलं तरी दिसतात. ज्या जागांमुळे कोल्हापूर हे कोल्हापूर झालं, त्या मात्र अवेळी गेलं तर दिसतच नाहीत. भर दुपारी खासबागेत डोकावणाऱ्याला एक मोठा रिकामा खड्डा दिसतो आणि तो फोटो काढून परततो. त्याची फसगत झालेली नसते, तो फक्त चुकीच्या वेळी आलेला असतो.

प्रेक्षणीय हा शब्द आपण वास्तूला लावतो. कोल्हापुरात तो प्रेक्षकाला लावावा लागेल. इथल्या बऱ्याच जागा बघणाऱ्यांच्या सोयीनं बांधल्या गेल्या आणि बघणारे जमले तरच त्या पुऱ्या होतात. खासबागेपासूनच सुरुवात करू.

राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. (पन्नास टक्के राखीव जागांचा 26 जुलैचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला तेव्हा ते तिकडेच होते.) त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परतल्यावर कुस्तीसाठी तसं काही आपल्या गावात असावं हे त्यांनी मनावर घेतलं, 1907 च्या सुमारास काम सुरू झालं आणि 1912 साली मैदान खुलं झालं. पहिल्या मोठ्या लढतीत गामाचा भाऊ इमामबक्ष यानं गुलाम मोहिद्दीनला हरवलं. मैदानात किती माणसं बसतात याचे आकडे तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत ऐकायला मिळतात. मला या आकड्यांपेक्षा उताराचं महत्त्व जास्त वाटतं. कलोसियम उंच भिंतींवर उभं आहे. खासबागेत मधोमध मातीचा हौद आणि त्याच्या भोवतीनं चढत गेलेली जमीन. पुढच्याच्या पागोट्याआड मागच्याची कुस्ती जाऊ नये, एवढा साधा हिशेब. राजघराण्याची बैठक वेगळी होतीच, पण डाव मात्र शेवटच्या माणसालाही तितकाच स्वच्छ दिसावा अशी ती रचना आहे.

हौदातली माती ही नुसती लाल माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते, आणि सतत खणून-उकरून ती भुसभुशीत ठेवावी लागते. वापर थांबला की ती दगड होते. मैदानाच्या दिवशी आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळताना ज्या जोडीसाठी लोक आलेले असतात ती. हलगीचा ठेका बदलला की न बघताही कळतं की खाली काहीतरी निर्णायक चाललं आहे. शेजारी बसलेले म्हातारे बुवा डाव पडायच्या आधी त्याचं नाव सांगतात. मी गेले तेव्हा बायका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, पण एका आजोबांनी सरकून जागा दिली आणि पुढचा तासभर मला धोबीपछाड आणि ढाक यांतला फरक शिकवला. मैदान पाहणं म्हणजे त्या आजोबांच्या शेजारी बसणं, असं माझं मत आहे.

आता अडचण. आजची स्पर्धात्मक कुस्ती मॅटवर चालते. हा बदल जुना आहे. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीच होती, तरी ते सहावे आले. पुढच्या वेळी, 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. महाराष्ट्र केसरीतही आता माती गटातला विजेता आणि गादी गटातला विजेता शेवटी मॅटवरच भिडतात. त्यामुळे गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत खेड्यापाड्यांतून येऊन राहिलेल्या पोरांना दोन्ही शिकावं लागतं. ती पोरं आपला स्वयंपाक आपण करतात, बदाम स्वतः वाटतात आणि घरून येणाऱ्या पैशांत खुराकाचा मेळ बसवतात. खासबागेला वारसा म्हणून कुंपण घालणं सोपं आहे. या पोरांच्या दुधाचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न वारशाच्या फायलीत सहसा येत नाही.

खासबागेला पाठ लावून नाट्यगृह उभं आहे. 1913 ते 1915 या काळात शाहू महाराजांनीच ते बांधून घेतलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. आत प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा खांब नाही. म्हणजे पुन्हा तोच, मागच्याला दिसलं पाहिजे हा आग्रह. 1957 पासून ते केशवराव भोसले यांच्या नावानं ओळखलं जातं. केशवराव कोल्हापूरचेच, 1890 च्या 9 ऑगस्टला जन्मलेले. 1908 साली त्यांनी ललितकलादर्श काढली, आणि 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ते धैर्यधर होऊन उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. वय एकतीस.

एका भिंतीच्या अलीकडे संगीत नाटक आणि पलीकडे कुस्ती, आणि हाकेच्या अंतरावर 1883 साली सुरू झालेला गायन समाज देवल क्लब. अशी शेजारणी दुसऱ्या कुठल्या गावात मला सापडलेली नाही. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते आणि पैलवानही होते. दरबारात ही दोन खाती वेगळी असतील, गावात नव्हती. सकाळी तालमीत घाम गाळणारा माणूस रात्री नाट्यपदाला वन्समोअर देत असे, असं जुने लोक सांगतात, आणि जागांची मांडणी पाहिली की ते पटतं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीची ती आदली रात्र. खासबागेच्या बाजूच्या व्यासपीठाकडे लागलेली आग आत शिरली आणि छत, रंगमंच, खुर्च्या काही उरलं नाही. दगडी भिंती राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिथं जमलेल्या गर्दीत रंगकर्मी होते तसेच कधी तिकीट काढून नाटक न पाहिलेलेही होते. पुनर्बांधणीच्या चर्चेत लोकांचा एकच हट्ट होता, होतं तसंच करा. मला तो हट्ट भाबडा वाटत नाही. इथं आवाज कसा पोचतो, विंगेतून किती पावलांत प्रकाशात येतो, हे नटांच्या अंगात बसलेलं होतं. नकाशावरून भिंती बांधता येतील. ती पावलं प्रयोगांनीच परत येतील, आणि प्रयोग होत राहण्यासाठी प्रेक्षकानं मधल्या काळात नाटकाची सवय मोडता कामा नये.

सवय मोडली की काय होतं ते बघायचं तर मंगळवार पेठेतल्या साठमारीत जावं. साठमारी हा बडोद्याच्या गायकवाडांचा खेळ आणि बडोदं म्हणजे महाराणी लक्ष्मीबाईंचं माहेर. मस्तीला आलेल्या हत्तीला मोकळ्या आवारात सोडायचं, साठमारांनी फडकी आणि भाले दाखवून त्याला डिवचायचं, आणि हत्ती अंगावर आला की दगडी बुरजाच्या अरुंद दारातून आत शिरायचं. माणूस मावेल, हत्ती मावणार नाही, एवढंच ते दार. आज हे बुरूज पाहताना खेळ कळत नाही. कुणी सांगितलं नाही तर ती धान्याची कोठारं वाटतील. हा खेळ परत यावा असं कुणीच म्हणणार नाही, मी तर नाहीच. हत्तीचे हाल होत आणि माणसंही जायबंदी होत. पण एक साधा फलक, दाराची रुंदी आणि हत्तीचा खांदा शेजारी शेजारी दाखवणारं एक चित्र लावलं, तर येणारा मुलगा तासभर तिथून हलणार नाही.

सिनेमाच्या बाबतीत शहराची स्थिती याहून अवघड आहे, कारण तिथं दगडही फारसे उरलेले नाहीत. बाबूराव पेंटरांनी आनंदरावांच्या साथीनं सुरू केलेला खटाटोप तडीस नेऊन स्वतः कॅमेरा बनवला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली सैरंध्री पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. सिग्नल सुटेपर्यंत तेवढं पाहून होतं. प्रभात 1929 साली इथंच जन्मली, 1933 साली पुण्याला गेली. त्याच वर्षी सुरू झालेला कोल्हापूर सिनेटोन पुढे भालजी पेंढारकरांकडे आला आणि जयप्रभा स्टुडिओ झाला. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या दंगलीत तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. त्याच्या जागेच्या विक्रीवरून 2022 साली इथल्या चित्रपट व्यावसायिकांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं. स्टुडिओ हे तसं प्रेक्षकाचं ठिकाण नाही, त्यामुळे तो वाचवायला जमणाऱ्यांत कलाकार-तंत्रज्ञच जास्त असतात. नाट्यगृहाच्या वेळी सगळं गाव आलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि गावाला काहीतरी नवं बघायचं असलं की ते जुन्याच संस्थांतून उगवतं, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे कोल्हापूरचा फुटबॉल. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील. हे फुटबॉल संघ आहेत. पेठेची तालीम हेच पेठेचं एकत्र येण्याचं ठिकाण होतं, त्यामुळे खेळ बदलला तरी पत्ता तोच राहिला. पावसाळा संपला की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि पाटाकडील-दिलबहार सामन्याच्या दिवशी पेठांतली दुकानं अर्ध्या लक्षानं चालतात. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात हे दृश्य पाहायला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यानं मुद्दाम यावं. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. ईर्ष्या कधीकधी हाताबाहेर जाते, दगड उडतात, सामने थांबतात, पोलीस येतात. ते लपवण्यात अर्थ नाही. नवख्या माणसानं कुठल्याही एका संघाच्या रंगाचा शर्ट घालून दुसऱ्याच्या गर्दीत बसू नये, हा माझा व्यवहारी सल्ला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, यातलं वेळेवर काय सापडणार? सुट्टी दोन दिवसांची आणि मैदान त्याच्या मर्जीनं. त्यांच्यासाठी कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम आहेच. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, विहीर, मोट, बाजार, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांत हुबेहूब उभं केलेलं. काम मेहनतीचं आहे आणि शहरी मुलांना मोट कळते ती तिथंच. पण तिथला कुंभार सकाळी नऊलाही तेच मडकं घडवत असतो आणि संध्याकाळी पाचलाही. पर्यटनाला असं हुकमी दृश्य लागतं. टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाला तेवढंही भाग्य नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला, ओंजळीत मावेल असा पोसायडन त्याच्या संग्रहातला. शाहू महाराजांनी रोम पाहण्याच्या कितीतरी शतकं आधी पंचगंगेच्या काठी येऊन पोचलेला हा रोमन समुद्रदेव ज्या इमारतीचा, तिच्या दारावरून रोज हजारो पाहुणे रिक्षानं जातात.

रोज, नेमानं आणि जिवंत असं काही पाहायचं तर संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जावं. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. कुस्तीनं या शहराला दुधाची चव लावली आणि ती इथं अजून टिकून आहे. पेला मोठाच घ्यावा लागतो, अर्धा मागितला तर गवळीमामा हसतात.

आणि हा अंक हातात असताना पाडव्याला कोल्हापुरात असाल तर सागरमाळ, कसबा बावडा किंवा शनिवार पेठेच्या गवळ्यांकडे जा. म्हशींची शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं लावलेली, गळ्यात कवड्या नि घुंगरं, अंगावरचे केस कातरून नक्षी आणि नावं काढलेली. घरच्या बायका औक्षण करतात. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फडफडवत पुढे सुटतो आणि म्हैस गर्दीतून वाट काढत त्याच्या मागे धावते, कारण त्या आवाजाची तिला वर्षभर सवय लावलेली असते. तिकीट नाही, खुर्ची नाही. भिंतीला टेकून उभं राहायचं, लाल रंगाचं काही अंगावर घालायचं नाही, आणि शेजारचा माणूस म्हशीचं नाव, वेत आणि दूध सांगू लागला की ऐकायचं.