फाइली आहेत, सर्व्हर नाही

सर्व्हरची हार्ड डिस्क मेली की पहिला प्रश्न साहेबांच्या केबिनमधून येतो : बॅकअप आहे ना? बहुतेक ठिकाणी असतो. काल रात्रीचा, टेपवर किंवा दुसऱ्या मशीनवर, अगदी व्यवस्थित. मग नवी डिस्क बसते, सर्व्हर चालू होतो आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते, की बूट करण्याजोगं काहीही सापडलं नाही. खाली कर्सर लुकलुकत राहतो. बॅकअप शाबूत, डिस्क कोरी करकरीत. पण एकातलं दुसऱ्यात ओतायचं कुणी?

अडचण अशी, की बॅकअप उलगडणारा प्रोग्रामही त्याच बॅकअपमध्ये असतो. किल्ली घरात राहावी आणि दार ओढलं जावं, तशी ही गत. कोऱ्या डिस्कवर सर्व्हर पुन्हा उभा करण्याच्या कामाला युनिक्सवाले ‘बेअर मेटल रिस्टोअर’ म्हणतात.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. बॅकअपसाठी आजही सर्रास वापरला जाणारा ‘टार’ हा प्रोग्राम १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आला. नावातच टेप आहे, कारण तेव्हा बॅकअप म्हणजे टेपच. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी बँक शाखांत एससीओ युनिक्स होतं. डे-एंड झालं की टेप लावायची, हे काम तिथून निवृत्त झालेल्या अनेकांच्या हातात अजून असेल.

टारला फाइली उत्तम कळतात : नाव, आकार, तारीख, मालक कोण, वाचायची परवानगी कुणाला. डिस्क मात्र त्याला कळत नाही. तिचे भाग किती पाडले होते, कुठल्या भागावर कोणती फाइल सिस्टीम होती, बूट होताना सुरुवात कुठून होत होती, यातलं काहीही तो टिपत नाही. घोळ नेमका इथेच सुरू होतो.

म्हणून आधी एक उसनी सिस्टीम लागते. आज पेनड्राइव्हवरून बूट होणारी लिनक्स पुरते. एकेकाळी ‘टॉम्सआरटीबीटी’ नावाची आख्खी लिनक्स एका फ्लॉपीत मावायची, त्यासाठी १.४४ एमबीची फ्लॉपी ताणून १.७२२ एमबीची केली जायची. आयबीएमने आपल्या एआयएक्समध्ये हा प्रश्न मुळातच सोडवला. तिथल्या ‘एमकेसिसबी’ने घेतलेल्या टेपवरून मशीन थेट बूट होतं आणि स्वतःच स्वतःला मांडून घेतं. लिनक्ससाठी ‘रिलॅक्स अँड रिकव्हर’ हे साधन साधारण तेच करतं. ज्याने यातलं काहीच आधी करून ठेवलेलं नाही, त्याला मात्र हातानेच सगळं करावं लागतं.

हाताने म्हणजे असं : उसन्या लिनक्समधून कोऱ्या डिस्कचे भाग पाडायचे, त्यांच्यावर फाइल सिस्टीम बनवायची, त्यातला मुख्य भाग एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर माउंट करायचा आणि तिथे बॅकअप उलगडायचा. आजचा टार फाइलींच्या मार्गातली सुरुवातीची तिरकी रेघ आपणहून काढून टाकतो. नवख्यांना तो आगाऊपणा वाटतो. ती रेघ राहिली, तर सगळ्या फाइली नव्या डिस्कवर न जाता उसन्या सिस्टीमच्याच अंगावर सांडतील.

खरी मेख मालकीत आहे. युनिक्सच्या डिस्कवर फाइलीच्या मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. डेटाबेस चालवणाऱ्या खात्याचा आकडा जुन्या सर्व्हरवर समजा २६ होता. उसन्या पेनड्राइव्हवर त्याच नावाच्या खात्याला ११० दिलेला असू शकतो. टार आधी नाव पाहतो, नाव जुळलं की इथला आकडा लावतो आणि हजारो फाइली मुकाट ११० च्या मालकीच्या होऊन बसतात. पडद्यावर एकही चूक दिसत नाही. सर्व्हर उठतोसुद्धा, फक्त डेटाबेस ‘परवानगी नाही’ म्हणून हटून बसतो. उलगडताना ‘न्युमेरिक ओनर’ हा एक पर्याय दिला असता, तर पुढची सगळी शोधाशोध वाचली असती.

एवढं झालं तरी मशीन बूट होतंच असं नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर बूट होण्याची सुरुवात अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधून होते. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामचे, बाकीचे डिस्कच्या वाटणीचे आणि खुणेचे. हा सेक्टर कुठल्याच फाइलीत नसतो. त्यामुळे फाइलींच्या बॅकअपमध्येही नसतो. मग उसन्या सिस्टीममधून ‘सीएचरूट’ करून नव्या डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरायचं आणि बूटलोडर नव्याने बसवायचा. शिवाय फाइल सिस्टीम नवी बनवली की तिला ओळखक्रमांकही नवा मिळतो आणि बॅकअपमधून आलेली ‘एफस्टॅब’ फाइल जुन्याच क्रमांकांच्या शोधात राहते. तीही दुरुस्त करावी लागते.

बॅकअपमध्ये नको त्या गोष्टी भरणारेही आहेत. लिनक्सच्या ‘प्रॉक’मधली ‘केकोर’ ही फाइल नेहमीच्या ६४ बिट मशीनवर १२८ टेराबाइटची दिसते. ती डिस्कवर नसतेच. मेमरीकडे बघायची ती एक खिडकी. भाबडी स्क्रिप्ट तिचीही प्रत काढायला बसते.

या सगळ्यातली सर्वांत गाजलेली कथा इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातली. १ ऑक्टोबर १९८६, बुधवारची दुपार. तिथल्या व्हॅक्स संगणकावर सुपरयूजर म्हणून बसलेल्या एकाने मुळाच्या डिरेक्टरीत उभं राहून सगळं पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन ती थांबवेपर्यंत ‘बिन’, ‘डेव्ह’, ‘ईटीसी’, ‘लिब’ साफ झाल्या होत्या. पुसणं वर्णक्रमाने चालत असल्यामुळे ‘टीएमपी’ आणि ‘यूएसआर’ वाचल्या. बॅकअपची टेप होती, पण आठवड्यापूर्वीची. सगळं तिच्यावरून भरलं असतं, तर लोकांचं आठवडाभराचं काम बुडालं असतं. आणि टेप वाचायला लागणारी डिव्हाइस फाइल, ती बनवणारा प्रोग्राम, रिस्टोअरचा प्रोग्राम, काहीच शिल्लक नव्हतं.

मशीन बंद केलं असतं तर ते पुन्हा उठलं नसतं. सुदैवाने एकाच्या टर्मिनलवर ईमॅक्स हा एडिटर अजून चालू होता. शेजारच्या दुसऱ्या व्हॅक्सवरून नेटवर्कने फाइली आणणारा प्रोग्रामही ‘यूएसआर’मध्ये वाचला होता, पण त्याला ‘ईटीसी’ डिरेक्टरी हवी आणि डिरेक्टरी बनवणारी आज्ञा तर ‘बिन’बरोबर गेलेली. मग त्यांनी व्हॅक्सच्या मशीन भाषेत एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच : ‘ईटीसी’ डिरेक्टरी बनवणं. त्याचे आकडे ईमॅक्समधून एकेक करून टाइप केले. प्रोग्राम चालला. त्यानंतर फाइली शेजारून आल्या, टेपवरून ‘डेव्ह’ परत आली आणि लोकांचं काम वाचलं. या पराक्रमाचं कौतुक कितीही करावं. पण त्या खोलीत मशीन भाषा जाणणारे लोक होते, हे आज किती कचेऱ्यांत गृहीत धरता येईल?

गिटलॅब या कंपनीकडे हुशार माणसांची वाण नव्हती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपचे आणि प्रतींचे पाच मार्ग होते, पण वेळेला नीट चालणारा एकही निघाला नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप घेतलाच जात नव्हता. तसं कळवणारे ईमेल पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. तो परत आणताना चाचणीच्या सर्व्हरची डिस्क इतकी मंद निघाली, की प्रत सेकंदाला जेमतेम ६० मेगाबिटने सरकत होती. नुसत्या प्रतीला १८ तासांच्या आसपास लागले. कंपनीने सगळा खटाटोप यूट्यूबवर थेट दाखवला. मधल्या सहा तासांत बनलेले, कंपनीच्या अंदाजाने ५,००० पर्यंत प्रोजेक्ट आणि ७०० पर्यंत नवी खाती मात्र परत आली नाहीत.